साचा, नक्कल आणि फरकांची वही

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांस बोलाविले, तेव्हा गिरणगावच्या संपांवर किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांवर आम्ही बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. कामगार संघटनेत तीस वर्षे घालविलेल्या माणसाकडून दुसरे काय ऐकावयाचे? आम्ही विषय कळविला तो संगणकाचा, तेव्हा चिटणिसांनी दूरध्वनी करून खात्री करून घेतली. आमचे शालेय शिक्षण दहावीपुरते. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात बसून. संगणकास आज्ञा लिहिणे आम्हांस येत नाही. परंतु या विषयाचा जो इतिहास आम्ही गेल्या दोन वर्षांत जमेल तसा वाचला, त्यात आमच्याच एका जुन्या चुकीचे उत्तर आम्हांस सापडले. म्हणून आधी ती चूक सांगतो.

वसाहतीतील अकरा लहानमोठ्या कारखान्यांत आमची युनियन काम करी. सारे कारखाने रसायनांचे. त्यामुळे मागणीपत्रांतील बाराआणे मजकूर सर्वत्र सारखाच. नव्या कारखान्याचे मागणीपत्र लिहावयाचे म्हणजे मागच्या कारखान्याचे काढावयाचे, नाव बदलावयाचे आणि टंकलेखकाकडे द्यावयाचे, अशी आमची रीत होती. एके वर्षी तीन पाळ्यांच्या कारखान्याचे मागणीपत्र आम्ही दोन पाळ्यांच्या कारखान्यास लावले. रात्रपाळीच्या भत्त्याचे कलम तसेच राहिले आणि एके ठिकाणी दुसऱ्याच कंपनीचे नाव. समेटाच्या बैठकीत समोरच्या वकिलांनी चष्मा पुसत विचारले, “हे मागणीपत्र नक्की कोणाचे?” नवे मागणीपत्र, पुन्हा सभा, पुन्हा सह्या यांत चार महिने गेले. तेवढ्या काळात तेथील चौदा कंत्राटी माणसांस कमी करण्यात आले. चूक सर्वस्वी आमची होती. त्यातली दोन माणसे आजही बाजारपेठेत भेटतात, रामराम करतात, आणि तेवढ्यानेच आम्हांस ती बैठक आठवते.

आता संगणकाकडे येऊ. आमच्या एका जुन्या सभासदाची मुलगी पुण्यास सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. घर पोलादपूरकडचे. दोन वर्षांपूर्वी शिमग्यास ती गावी आली होती. पालखी दारात आली, ओवाळणीची ताटे तयार, आणि ही पोरगी ओटीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. आई चिडली, बाप चिडला. आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो, विचारले, “बाई, एवढे काय अडले आहे?” ती म्हणाली, “काका, एकच ओळ बदलायची आहे. पण एकशेवीस ठिकाणी.”

तिचे काम तिने आम्हांस समजावून दिले ते असे. माणूस संगणकासाठी जो मजकूर लिहितो, तो लिहून होताच चालत नाही. त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे लागते, निरनिराळे भाग जोडावे लागतात, तपासावे लागतात, आणि मग तयार माल बांधून कोठारात ठेवावा लागतो. या सगळ्यास पुण्याची मुले ‘बिल्ड’ म्हणतात; आपण बांधणी म्हणू. कोणी एक ओळ बदलली की बांधणी पुन्हा. हे काम हाताने करणे अशक्य, म्हणून ते एका पहारेकरी यंत्राकडे सोपविलेले असते. कोणत्या मालाची बांधणी कोणत्या क्रमाने करावयाची याचा एक कागद त्या यंत्राला द्यावयाचा. या कागदाला ती मंडळी ‘जॉब’ म्हणतात. तिच्याकडे असे एकशेवीस जॉब होते. क्रम सगळ्यांचा सारखा. मालाचे नाव निराळे, कोठाराची खोली निराळी, क्वचित एखादी खोड निराळी. कोठाराचा पत्ता बदलला, तेव्हा एकशेवीस कागद उघडून प्रत्येकात तो बदलणे आले. तिने रात्री दोन वाजेपर्यंत ते केले. तीन कागद राहिले. ते तीन जॉब कित्येक दिवस जुन्या कोठारात माल टाकीत राहिले आणि कोणास पत्ता लागला नाही.

आमचे मागणीपत्र आणि तिचे जॉब यांत आम्हांस काडीचा फरक दिसला नाही. म्हणून आम्ही पुस्तके शोधू लागलो.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, १९७६ साली होतो. तेथे स्टुअर्ट फेल्डमन नावाचे संशोधक होते. एके दिवशी स्टीव्ह जॉन्सन हे त्यांचे सहकारी संतापून त्यांच्या खोलीत शिरले. आपल्या कार्यक्रमातील दोष शोधण्यात त्यांची सारी सकाळ वाया गेली होती. दोष त्यांनी आधीच काढून टाकला होता. फक्त दुरुस्त केलेल्या मजकुराचे रूपांतर पुन्हा करावयाचे राहून गेले होते. जुनाच माल ते नवा समजून तपाशीत बसले होते! फेल्डमन यांनी त्यावर ‘मेक’ नावाचे साधन तयार केले. कोणती वस्तू कशावर अवलंबून आहे हे त्यास एकदा लिहून द्यावयाचे. मग ते कच्च्या आणि पक्क्या मालाच्या वेळा ताडून पाहते आणि जे शिळे झाले आहे तेवढेच पुन्हा करते. घरात भाजी उतू गेली म्हणून कोणी भातही नव्याने लावीत नाही, तेच शहाणपण.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची. प्रत्येक फाइलीसाठी वेगळा नियम लिहिण्याची ‘मेक’मध्ये गरज नव्हती. अमुक जातीच्या फाइलीपासून तमुक जातीची फाइल कशी करावी, एवढा एकच नियम लिहिला की तो त्या जातीच्या शेकडो फाइलींस लागू. म्हणजे साचा ही कल्पना आरंभापासूनच होती. या साधनासाठी फेल्डमन यांना २००३ साली संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा मोठा पुरस्कार मिळाला. एक गमतीची गोष्टही त्यांनी स्वतःच सांगितली आहे. या नियमांत ओळीच्या आरंभी एक विशिष्ट कोरी जागा सोडावी लागते. ती साध्या स्पेसने सोडली की काम बंद; दिसायला दोन्ही सारख्याच. ही रचना वाईट आहे हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. पण तोवर डझनभर माणसे, त्यांतले बहुतेक मित्र, ते साधन वापरू लागले होते. त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. पुढे ती लाखो माणसांच्या वाट्यास आली. साच्यातील खोड कशी चिरंजीव होते याचे याहून सरस उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

मधला काळ आपण भराभर ओलांडू. माणसे वाढली, एकाच मजकुरावर दहा-वीसजण काम करू लागले, आणि एकाच्या फेरफाराने दुसऱ्याचे मोडू लागले. बांधणी वारंवार व आपोआप व्हावी म्हणून २००१ च्या सुमारास थॉटवर्क्स कंपनीतील मंडळींनी ‘क्रूझकंट्रोल’ हा पहारेकरी तयार केला. त्यानंतर सन मायक्रोसिस्टिम्समधील कोहसुके कावागुची या जपानी तरुणाने २००४ साली आपला स्वतःचा एक पहारेकरी लिहावयास घेतला. कारण मोठे मानवी आहे. आपल्या हातून बांधणी मोडते आणि ती सहकाऱ्यांनी दाखवून दिल्यावर आपणांस कळते, याचा त्यास संकोच वाटे. इतरांच्या आधी आपली चूक आपणांस कळावी, एवढाच हेतू. त्या साधनाचे नाव ‘हडसन’. ते इतके सोपे होते की पडद्यावर चार रकाने भरले की जॉब तयार, आणि दुसरा जॉब हवा असल्यास पहिल्याची नक्कल करण्याची सोय तेथेच.

सारे घोडे येथेच पेंड खाते. नक्कल करणे सोपे झाले की माणूस नक्कलच करतो. पहिल्या जॉबचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा, आणि पाच वर्षांनी शंभर. प्रत्येक नकलेत कोणीतरी कधीतरी एखादी गोष्ट बदललेली; ती हेतुपुरस्सर बदलली की चुकून, हे सांगावयास कोणी उरलेले नाही. आमच्या मागणीपत्रांचेही तेच. अकरा कारखान्यांचे अकरा कागद समोर ठेवले असता, कोठला फरक कामगारांनी भांडून मिळविलेला आणि कोठला टंकलेखकाचा, हे आम्हांस स्वतःलाही ओळखता येत नव्हते.

२०१० च्या आरंभी सन कंपनी ओरॅकल कंपनीने विकत घेतली. ‘हडसन’ हे नाव कोणाचे यावरून वाद झाला. वापरणाऱ्या मंडळींनी जानेवारी २०११ मध्ये मतदान घेऊन प्रचंड बहुमताने नवे नाव घेतले ते ‘जेंकिन्स’. मजकूर खुला असल्यामुळे तो उचलून दुसरीकडे नेण्यास कोणाची परवानगी लागली नाही. कंपनीकडे नाव राहिले आणि माणसे बिऱ्हाड घेऊन निघून गेली. आमच्यासारख्या युनियनवाल्यास हा प्रसंग वाचताना किती बरे वाटले ते सांगावयास नकोच.

नक्कलीच्या रोगावर उपाय ज्यांनी शोधला त्यांत ‘ओपनस्टॅक’ची मंडळी ठळक आहेत. रॅकस्पेस ही कंपनी आणि अमेरिकेची अंतराळसंस्था नासा यांनी २०१० साली हा संयुक्त उद्योग आरंभिला. त्यात उपप्रकल्प भराभर वाढले आणि प्रत्येकास तेच पाच-सहा जॉब हवे झाले. तेव्हा त्यांनी ‘जेंकिन्स जॉब बिल्डर’ नावाचे साधन रचले. त्याची युक्ती अशी: जॉबचा साचा एकदाच लिहावयाचा आणि जेथे नाव यावयाचे तेथे रिकामी जागा ठेवावयाची. दुसऱ्या कागदावर प्रकल्पांची यादी. ज्याचा जो फरक असेल तो त्याच्या नावापुढे. मग यंत्र दोन्ही कागद एकत्र करून सगळे जॉब स्वतः लिहून काढते. पत्ता बदलला? साच्यात एक ओळ बदला. नवा प्रकल्प आला? यादीत चार ओळी वाढवा. शिवाय साचा व यादी हे साधे कागद असल्यामुळे कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते, आणि बदल लागू होण्याआधी दुसरा माणूस तो वाचून होकार देऊ शकतो. पडद्यावरच्या रकान्यांत ही सोय नव्हती. पुढे २०१६ साली या मंडळींनी जेंकिन्स सोडून आपलेच दुसरे यंत्र आणले. तेव्हाही जुने साचे त्यांनी टाकले नाहीत; नव्या यंत्राने तेच कागद वाचून काम सुरू केले. त्याच वर्षी जेंकिन्सवाल्यांनीही जॉबचे वर्णन मजकुरासोबतच फाइलीत ठेवण्याची रीत मुख्य मानली.

हे वाचीत असताना आम्हांस सारखी १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याची आठवण होत होती. त्याच्याही मागे जावे लागते. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. दीड लाखाच्या आसपास माणसे बाहेर होती. त्यांच्या सतरा मागण्या होत्या आणि वेतनाचे प्रमाणीकरण हा त्या झगड्याचा गाभा होता, कारण तेच काम, तोच साचा, पण गिरणीगणिक दर निराळा अशी अवस्था होती. (गिरणीत मागासही साचाच म्हणत, हा योगायोग पाहा.) त्या संयुक्त संप समितीत आपल्या शेजारच्या गोरेगावचे ना. म. जोशी होते आणि डांगेही होते. दोघांची मते दोन टोकांची, तरी या मागणीवर एकत्र. मुंबईच्या गिरण्यांस प्रमाणित वेतन मिळावयास १९४७ चा औद्योगिक न्यायालयाचा निवाडा उजाडावा लागला; त्याने किमान मूळ वेतन महिना ३० रुपये ठरविले. एक साचा मान्य करून घेण्यास एकोणीस वर्षे लागली, हे संगणकवाल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

स्थायी आदेशांच्या कायद्याची रचना तर हुबेहूब जॉब बिल्डरची. हजेरी, पाळ्या, रजा, गैरवर्तणूक, कामावरून कमी करणे यांचे नमुना आदेश सरकारने एकदा छापले. प्रत्येक कारखान्याने आपले आदेश शक्य तितके त्या नमुन्यास धरून करावयाचे आणि अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यावयाचे. पुढे अशी दुरुस्ती झाली की स्वतःचे प्रमाणित होईपर्यंत नमुना आदेशच लागू समजावेत. रिकामी जागा राहिली तर काय, याचेही उत्तर साच्यातच. मात्र हा कायदा मुळात शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. महाराष्ट्राने ती मर्यादा ५० वर आणली, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती ३०० वर नेली. आमच्या वसाहतीतले किती कारखाने तीनशेच्या वर जातील? ज्यांच्यासाठी साचा सर्वांत गरजेचा ते लहान कारखानेच साच्याबाहेर राहावेत, ही आमची तक्रार आहे. ती येथे अस्थानी वाटल्यास श्रोत्यांनी क्षमा करावी. पण सोडून देता येत नाही.

एक उदाहरण आपल्या भाषेतले देतो. पूर्वी छापखान्यात अक्षराची एक मातृका असे आणि तिच्यातून हजारो खिळे ओतीत. संगणकात खिळ्यांच्या जागी फॉन्ट आले. रेड हॅट कंपनीने २००४ साली ‘लोहित’ नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले. त्यांचे बरेचसे काम पुण्याच्या कचेरीत चाले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या तांबड्या टोपीवरून ते नाव आले असे दिसते. काही काळ देवनागरीचीच अनेक गाठोडी होती: लोहित हिंदी, लोहित मराठी, लोहित कोंकणी, लोहित नेपाळी, आणखीही. अक्षरे जवळजवळ तीच. म्हणजे एखाद्या जोडाक्षरात दोष सापडला तर तो प्रत्येक गाठोड्यात निराळा दुरुस्त करणे आले. पुढे ही सर्व गाठोडी मोडून ‘लोहित देवनागरी’ हा एकच फॉन्ट करण्यात आला.

परंतु मग मराठीच्या ‘ल’चे आणि ‘श’चे काय? मराठी छपाईतला ल हिंदीतल्या ल सारखा उभ्या दांड्याचा नसतो. श चेही वळण निराळे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देवनागरीचे प्रमाणरूप ठरविले. ही वळणे एकत्रीकरणात बुडाली असती, तर आम्ही स्वतः त्याविरुद्ध अर्ज लिहिला असता! तसे होण्याचे कारण नव्हते. एकाच फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन वळणे ठेवता येतात, आणि मजकुराची भाषा मराठी असे सांगितले की मराठी वळण उमटते. सामाईक ते एकदाच, आणि भाषेचा हक्क म्हणून जो फरक आहे तो नावानिशी वेगळा नोंदलेला. फायरफॉक्स हा न्याहाळक मराठीसह नव्वदांहून अधिक भाषांत मिळतो. त्याचीही रीत अशीच आहे. मूळ बांधणी इंग्रजीत एकदा होते आणि मग प्रत्येक भाषेचा शब्दसंच तिच्यात घालून नवे गाठोडे बांधतात. नव्वद वेळा मुळापासून बांधीत बसले असते, तर मराठीची पाळी कधी आली असती कोणास ठाऊक.

साच्याचे इतके कौतुक केल्यावर त्याचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण आम्ही ते भोगले आहेत. नकलेतील चूक एका ठिकाणी होते; साच्यातील चूक एका क्षणात सर्वत्र होते. पोलादपूरच्या मुलीने पुढे आपले एकशेवीस जॉब एका साच्यात आणले. पहिल्याच महिन्यात साच्यातील एका चुकलेल्या अवतरणचिन्हाने एकशेवीसही बांधण्या सकाळी बंद. आता ती बदल आधी दोन जॉबांवर चालवून पाहते. दुसरा दोष हळूहळू येतो. प्रत्येक जण आपला अपवाद साच्यातच घुसवू पाहतो. “अमुक असेल तर हे, तमुक असेल तर ते” अशी कलमे वाढत जातात, आणि शेवटी साचा वाचणे शंभर नकला वाचण्याहून कठीण होऊन बसते. ज्या दोन कामांत निम्म्याहून अधिक फरक आहे, त्यांस एका साच्यात कोंबू नये, असे आमचे मत झाले आहे. थोडी नक्कल पत्करावी.

राहिला प्रश्न, जो या सभागृहात कोणी ना कोणी विचारीलच: काम वाचले की माणूस वाचतो की जातो? आमच्या चळवळीने हा प्रश्न फार पूर्वी विचारला आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्याच्या कचेरीत संगणक बसविण्यास कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. बँकांत ८ सप्टेंबर १९८३ रोजी संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार होऊन यंत्रे कोठे व किती यावीत हे ठरले. त्या विरोधाची आज पुष्कळजण थट्टा करतात. आम्ही करीत नाही. ज्याची भाकरी जाणार त्याने विचारलेच पाहिजे. परंतु पालखी दारात असताना एकच ओळ एकशेवीस ठिकाणी बदलणे, या कामाचे रक्षण करण्यास आम्ही कोणत्याही युनियनला सांगणार नाही. वाचलेली ती रात्र कोणाच्या पदरात पडली, एवढे मात्र विचारू. तिला आम्ही विचारले. ती हसून म्हणाली, “काका, आता माझ्याकडे दोनशे जॉब आहेत.”

आमच्या कचेरीत आता एक नमुना मागणीपत्र आहे, आणि एक वही. वहीत प्रत्येक कारखान्यास एक पान: पाळ्या किती, कंत्राटी किती, कोठले कलम कोणत्या वर्षी भांडून मिळविले. टंकलेखकाने केलेले फरक आम्ही शोधून खोडले. त्यास एक पावसाळा लागला. नमुना बदलावयाचा तर तीन कारखान्यांच्या प्रतिनिधींनी तो वाचून सही केल्याशिवाय बदलत नाही. गेल्या दिवाळीत त्यांपैकी एका फिटरने रजेच्या कलमातली आमची चूक पकडली. ती तशीच गेली असती तर अकराही ठिकाणी गेली असती. बाराव्या कारखान्याचे पान अजून कोरे आहे. तेथे चाळीसच माणसे आहेत, आणि येत्या रविवारी बिरवाडीस त्यांची सभा आहे.